न खेळणाऱ्याची मुशाफिरी

जगातली बहुतेक सगळी जुगाराची शहरं पायाखाली घालून, तिथल्या एकाही टेबलावर एक दमडीही न लावलेला माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच असावा, आणि तो नवापूरच्या मेन रोडवर माझ्या फोटो स्टुडिओसमोर स्टीलची भांडी विकतो. आम्ही सगळे त्यांना समोरचे शेठ म्हणतो. त्यांचे पणजोबा राजस्थानातून कधीतरी इकडे आले आणि भांड्यांच्या धंद्यात पडले. शेठ घरात मारवाडी बोलतात, सुरतच्या व्यापाऱ्याशी गुजराती, आणि गिऱ्हाइकाशी, माझ्याशी व रोज शाळा सुटली की दुकानात येऊन तिथेच वाढलेल्या आपल्या नातीशी अहिराणी. उंची बेताची, अंगात पांढरी सफारी, कपाळावर केशराचा टिळा. दुकानात कुकरच्या फळीपासून परातींच्या फळीपर्यंत त्यांचे स्वतःचे मोठे फोटो ओळीनं लावलेले: मकाऊच्या झगमगत्या दारात शेठ, मोंटे कार्लोच्या कारंज्यासमोर शेठ, सिंगापूरच्या तीन मनोरे असलेल्या हॉटेलखाली अगदी ठिपक्याएवढे शेठ. हे सगळे फोटो मीच छापून, मोठे करून दिलेले असल्यामुळे प्रत्येकाचा इतिहास मला तोंडपाठ आहे.

तरुणपणी शेठनी एका महाराजांसमोर जुगार न खेळण्याचा नियम घेतला होता. जैन घरात असे नियम पुष्कळ जण घेतात, पण शेठनी तो ज्या बारकाईनं पाळला ती पाहून महाराजही गोंधळले असते. दिवाळीत घरात पत्ते निघाले की हे दुकानात येऊन बसतात. गणपती मंडळाची मुलं सोडतीची कुपनं घेऊन आली की हे वर्गणी देतात आणि कुपन परत करतात, आणि तरीही नंबर लागला तर काय, या काळजीनं कुपनावरचा आकडा पाहतसुद्धा नाहीत. एकदा तालुक्याच्या क्रिकेट स्पर्धेच्या उद्घाटनाला त्यांना मोठ्या मानानं बोलावलं आणि नाणेफेक करायला नाणं हातात दिलं. शेठनी ते नाणं नम्रपणे परत केलं. "छापा-काटा म्हनजे जुगारच ना," असं म्हणून त्यांनी दोन्ही कप्तानांना समोरासमोर बसवलं आणि समजुतीनं ठरवायला सांगितलं. समजूत पटायला इतका वेळ लागला की पहिली मॅच जेवणानंतर सुरू झाली.

असा हा माणूस कॅसिनोच्या नादी लागला तो भांड्यांच्या एका कंपनीमुळे. तिनं वर्षभर चांगला माल उचलणाऱ्या दुकानदारांना काठमांडूची सहल दिली होती. रात्री सगळे दुकानदार हॉटेलच्या कॅसिनोत गेले आणि जे काही बरोबर होतं ते मोकळं करून परत आले. शेठ मात्र एका गोल चाकापाशी उभे राहिले ते उभेच. परत आल्यावर त्यांनी मला जे सांगितलं ते मी कधी विसरणार नाही. "जवलोंग चाक फिरस, तवलोंग राजा बी आशा करस आनि हमाल बी. दोन्हीसना तोंड सारखं दिखस. चाक थांबनं का दोन्ही आपापला घर जातस." ते सारखं दिसणारं तोंड पाहण्यासाठी हा माणूस पुढची कित्येक वर्षं जग फिरला. दुकान मुलाच्या हाती आलं होतं, अडचण काही नव्हती, आणि शेठाणींना गुडघ्यांमुळे कुठे जायचं नव्हतं. त्यांनी फक्त खाखऱ्याचे डबे भरून देण्याचं खातं सांभाळलं.

प्रवासातली त्यांची मोठी पंचाईत म्हणजे जेवण. शेठ सूर्य बुडाल्यावर पाणीसुद्धा पीत नाहीत. आता कॅसिनोत खिडकी नसते आणि घड्याळही नसतं. आत शिरलेल्या माणसाला वेळेचं भान राहू नये, म्हणून ती मुद्दाम केलेली सोय. मकाऊत शेठना हे माहीत नव्हतं. मनगटावरचं घड्याळ अजून नवापूरच्या वेळेवर चालत होतं. त्यामुळे हे दर थोड्या वेळानं टेबल सोडून बाहेर रस्त्यावर येत, हाताचा आडोसा करून आकाशात सूर्य शोधत आणि पुन्हा आत जात. सुरक्षा रक्षकांना वाटलं, हा म्हातारा बाहेर कुणाला तरी खुणा करतो आहे. त्यांनी मागे दोन माणसं लावली. शेवटी शेठनी सूर्य मावळतीला टेकलेला पाहिला आणि फुटपाथवरच मांडी घालून खाखरे आणि चटणी काढली. त्या दोघांनाही एकेक दिला. ते कुरकुर खात तिथेच उभे राहिले आणि संशय मिटला. युरोपात उन्हाळ्यात सूर्य खूप उशिरापर्यंत असतो हे कळल्यापासून शेठ त्या खंडाबद्दल नेहमी आदरानंच बोलत.

मोंटे कार्लोला कोट लागतो असं टूरवाल्यानं सांगितलं तेव्हा शेठ रस्ता ओलांडून माझ्याकडे आले. "कोट तुम्हनाच लागी," म्हणाले. माझ्या स्टुडिओत एक काळा कोट आणि इलास्टिकचा टाय आहे. नवापूर तालुक्यातल्या निम्म्या नवरदेवांचे आणि सगळ्या नोकरी शोधणाऱ्यांचे फोटो त्या कोटात निघालेले आहेत. तो कुणालाच बसत नाही, म्हणून मी मागून चिमटे लावतो आणि पुढून तो छान दिसतो. तो कोट चिमट्यांसकट मोंटे कार्लोला गेला. दारावरच्या गणवेशातल्या माणसानं अदबीनं तो उतरवून घ्यायला हात पुढे केला आणि पाठीवरचे चिमटे पाहून तितक्याच अदबीनं मागे घेतला. पण शेठना तिथली आवडलेली गोष्ट वेगळीच. त्या देशाच्या नागरिकांना तिथल्या कॅसिनोत खेळायला मनाई आहे, हे कळल्यावर त्यांना आपलं गाव सापडल्यासारखं झालं. "तठला मानूसले तठेच खेयाले बंदी शे. म्हनजे मी बी तठलाच," असं ते पुढे कितीतरी दिवस गिऱ्हाइकांना ऐकवत होते. तवा घ्यायला आलेल्या बायका त्यावर मान डोलावून तव्याचा भाव विचारत.

गोव्याच्या नदीतल्या जहाजावर तिकिटाबरोबर मिळालेल्या खेळायच्या चकत्या त्यांनी काउंटरवर परत केल्या, तेव्हा मॅनेजरला हा तपासणीला आलेला सरकारी माणूस वाटला. त्यानं शेठना केबिनमध्ये बसवून शहाळं पाजलं आणि निघताना अभिप्राय विचारला. शेठनी स्वच्छतेबद्दल समाधान व्यक्त केलं.

इतकं फिरून त्यांनी एक सिद्धांत मांडला होता आणि तो त्यांच्या तोंडून ऐकताना मला नेहमी पटायचा. "एक बाजूले बंदी व्हयनी का दुसरी बाजूले गाव मोठं व्हस. मकाऊ देखा, मोंटे कार्लो देखा. आनि आपलं नवापूर देखा ना! गुजरातमा दारू बंद, म्हनीसन सांजले आठे गर्दी." आमचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत. त्यामुळे हद्दीचं अर्थशास्त्र शेठना वेगळं शिकावं लागलं नव्हतं. फक्त एकच शहर त्यांचं बघायचं राहिलं होतं, लास वेगास. सगळ्या कॅसिनोंची काशी म्हणून ते त्यांनी शेवटी ठेवलं होतं. अमेरिकेचा व्हिसा मिळाला, टूर ठरली, त्या व्हिसाचा फोटोही मीच काढला. फोटोत हसायचं नसतं हे मी त्यांना सांगून दमलो. त्या दिवशी शेठचं हसू काही आवरेना.

त्याच सुमारास नातीच्या लग्नाची बोलणी सुरू झाली. मुलगा सुरतचा, हिऱ्यांच्या धंद्यातल्या घरातला, आणि खरं म्हणजे दोघांनी एकमेकांना कॉलेजात असतानाच पसंत केलेलं होतं. घरच्यांनी फक्त बघितल्यासारखं करायचं होतं. मुलाचे वडील दुकान बघायला आले आणि शेठनी मोठ्या उत्साहानं त्यांना एकेक फोटो दाखवला. हे मकाऊ, हे मोंटे कार्लो, हे गोव्याचं जहाज, आणि पुढच्या महिन्यात लास वेगास. पाहुण्यांनी चहा अर्धा ठेवला. दोन दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला: मुलगी लक्ष्मी आहे, पण आजोबांना जगभरच्या जुगाराची सवय असलेल्या घराशी संबंध कसा जोडावा?

गावातल्या सगळ्यांनी, मीसुद्धा, शेठना सांगितलं की सुरतला जाऊन सांगा, तुम्ही कधी खेळला नाहीत. शेठ माझ्या स्टुडिओतल्या स्टुलावर येऊन बसले. "जे काम करंच नही, त्यानी पावती कोन दी?" ते म्हणाले.  नात रागानं फणफणत होती. असलं सासर मला नकोच, म्हणाली. शेठनी तिला एकच प्रश्न विचारला. "पोऱ्या तुले पसंद शे का नही, तितलंच सांग. मन्ही वकिली करू नको." ती रडायला लागली. ते उत्तर त्यांना पुरलं.

दुसऱ्या दिवशी ते नंदुरबारला चातुर्मासासाठी थांबलेल्या महाराजांकडे गेले आणि दिशांचा नियम घेऊन आले. हा त्यांच्यातला जुना नियम आहे: चारी दिशांना एक मर्यादा आखायची आणि जन्मभर तिच्यापलीकडे पाऊल टाकायचं नाही. लोक तो सहसा ऐसपैस घेतात. शेठनी पूर्वेला धुळे, पश्चिमेला सुरत, उत्तरेला अक्कलकुवा आणि दक्षिणेला सापुतारा एवढाच घेतला. महाराजांनी तीर्थयात्रेची सूट ठेवायला लावली म्हणून ती ठेवली. असा नियम घेणाऱ्या माणसावर समाजात कुणी शंका घेत नाही. बातमी सुरतला पोचली आणि आठवड्याच्या आत तिकडून साखरपुड्याची तारीख विचारायला फोन आला. शेठनी दुकानातले सगळे फोटो उतरवून, कपड्यात गुंडाळून माझ्याकडे आणून ठेवले. मी म्हटलं, शेठ, नियम पायांचा आहे, फोटो राहू द्या की. "पाय जठे जावाव नहीत, तठे डोया तरी कसाले?" ते म्हणाले, आणि मोकळ्या भिंतीवर चमचे लावायच्या कामाला लागले. मला त्या चमच्यांचा राग आला होता.

लग्न छान झालं. मुलगी सुखात आहे, आणि व्याह्यांचं आणि शेठचं आता इतकं जमतं की दोघं मिळून सुरतच्या घारी नावाच्या मिठाईची चर्चा तासन्‌तास करतात. परवा सकाळी मी शेठच्या गल्ल्यापाशी बसून चहा पीत होतो तेव्हा नातीचा व्हिडिओ कॉल आला. नवऱ्याचं दागिन्यांच्या प्रदर्शनाचं काम होतं, ती बरोबर गेली होती, आणि उभी होती लास वेगासच्या रस्त्यावर. तिकडे रात्र पडलेली होती. "दादाजी, देखा!" असं ती ओरडली आणि फोनमधून नुसता गलका, संगीत आणि पाण्याचा आवाज दुकानात आला. शेठनी क्षणभर तिचा चेहरा पाहिला आणि ती फोन फिरवते आहे असं दिसताच आपला फोन अलगद गल्ल्यावर पालथा घातला.

"दादाजी, आठून बठ्ठा अंधार दिखी ऱ्हायना. तुम्हले दिखी ऱ्हायनं का?"

"लाइट गयी बेटा दुकानमा," शेठ म्हणाले. आयुष्यात मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं हे पहिलं खोटं. "काहीच दिखत नही. तू सांग ना."

 तिला कळलं असावं असं मला वाटतं, कारण तिचा आवाज एकदम हळू झाला. मग ती सांगायला लागली. समोर पाणी नाचतं आहे, दादाजी. त्याच्यामागे मोठं दार आहे, सोन्याच्या रंगाचं. लोक आत जात आहेत, एक आजी काठी घेऊन चालली आहे, तिनं लाल टोपी घातली आहे. लहान मुलाला गोष्ट सांगावी तसं एकेक करून ती सांगत होती, आणि शेठ डोळे मिटून, तळहात त्या पालथ्या फोनवर ठेवून, मध्ये मध्ये म्हणत होते, "हां... मंग?" दुकानात पातेलं घ्यायला आलेली एक बाई उभी होती, तीही ऐकत राहिली. वर सगळ्या ट्यूबलाइट लख्ख जळत होत्या.