काकी परदेशात मेली

मी नववीत होते तेव्हा आमच्या आश्रमशाळेत वक्तृत्व स्पर्धेचा विषय वरून आला, ‘शेजारी राष्ट्राची दुर्दशा’. सोबत मुद्देही होते. तिथल्या सरकारला गरिबांची पर्वा नाही, लोकांना प्यायला पाणी नाही, पुढारी नुसती भाषणं ठोकतात, वगैरे. मुख्याध्यापकांनी ते वर्गात वाचून दाखवले आणि म्हणाले, “हे पोपटासारखं म्हणाल तर नंबर येणार नाही. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. तिथल्या बायांचे हाल डोळ्यांसमोर उभे करा.”

तो देश मी नकाशात पाहिला होता, तेवढाच. हाल मात्र मला ठाऊक होते.

आमचा पाडा नाशिक जिल्ह्याच्या पार कडेला, गुजरातच्या हद्दीजवळच्या डोंगरात. पावसाळ्यात तिथे बांधावर उभं राहवत नाही इतका पाऊस, आणि होळी झाली की विहीर तळाला. मग बाया दगडांच्या फटींत पाय रोवून आत उतरायच्या आणि तळाशी बसून वाटीने हंडा भरायच्या. मी सातवीत असताना माझी काकी अशीच उतरली होती. वर येताना तिचा पाय निसटला. माणसांनी बांबूला गोधडी बांधून तिला रस्त्यापर्यंत नेलं, तिथून जीपने दवाखान्यात. ती वाचली, पण कमरेखालचं अंग गेलं. काका द्राक्षबागेच्या कामाला म्हणून दिंडोरीकडे गेला आणि तिकडेच त्याने दुसरी बायको केली. काकी आमच्या ओट्यावर पडून राहिली. तिचं सगळं माझी आई करायची.

मी भाषणात तेच लिहिलं. फक्त ‘आमच्या पाड्यावर’ असं होतं तिथे ‘त्या देशात’ घातलं.

तालुक्याला पहिली आले. नाशिकला जिल्ह्याच्या स्पर्धेत परीक्षक बाईंनी पदराने डोळे टिपले. “आंतरराष्ट्रीय प्रश्नांची केवढी जाण आहे हिला,” त्या शेजारच्या परीक्षकांना म्हणाल्या. “आणि वाटीने हंडा भरण्याचा तपशील! हे सुचणं सोपं नाही.”

थोड्याच दिवसांत नाशिकच्या एका मोठ्या मैदानावर सभा होती. एक मंत्री येणार होते आणि त्यांच्याआधी मी बोलायचं ठरलं. वसतिगृहाच्या अधीक्षिका बाईंनी माझ्या केसांना इतकं तेल लावलं की ते कपाळावर ओघळत होतं. मांडवात मोठे पंखे फिरत होते. गाड्या भरभरून आणलेल्या माणसांना पाण्याच्या बाटल्या वाटल्या होत्या. लोक दोन घोट पिऊन बाकीच्या पाण्याने हात धूत होते. मी बोलले. काकीचा पाय निसटतो तिथे माझा आवाज खरोखरच फाटला.

मंत्री उठले, माझ्याजवळ आले. डोक्यावर हात ठेवला, पण तेल लागलं म्हणून लगेच उचलला. माईक माझ्या तोंडापुढे धरून म्हणाले, “बाळ, एवढं सगळं तू कुठे वाचलंस?”

“वाचलं नाय साहेब,” मी म्हणाले. “ती माझी काकी हाय. आमच्याच पाड्यावर पडली.”

मला वाटलं होतं, आता ते विचारतील, कुठला पाडा? मोठ्या माणसाने विचारलं की खरं सांगायचं, एवढंच मला शिकवलं होतं. मंत्र्यांनी माईक मागे घेतला. क्षणभर माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांच्या ताटात थुंकले होते. मग ते लोकांकडे वळले आणि त्यांचा चेहरा पुन्हा हसरा झाला.

“ऐकलंत?” ते म्हणाले. “परक्या देशातल्या दुःखी बाईलासुद्धा आमची ही लेक काकी म्हणते! तिचं दुःख हिला आपल्या पाड्यावरचं वाटतं! ही आपली संस्कृती! आणि तिकडचे राज्यकर्ते? स्वतःच्या आयाबहिणींना विहिरीत ढकलून जगाला उपदेश करत फिरतात. लाज वाटायला पाहिजे त्यांना!”

टाळ्या थांबेनात. मी परत सांगायला तोंड उघडलं, तोवर कुणीतरी दंडाला धरून मला पायऱ्यांकडे वळवलं होतं.

परतीच्या गाडीत मुख्याध्यापक माझ्या पुढच्या बाकावर बसले होते. घाट लागल्यावर ते मागे न वळताच म्हणाले, “तुला कुणी विचारलं होतं गं?”

“साहेबांनीच विचारलं होतं, सर.”

माझं वाक्य कुणीतरी मोबाइलवर टिपलं होतं. ते फिरलं. एका स्थानिक वाहिनीचा माणूस पाड्यावर येऊन विहिरीचं आणि काकीचं चित्रीकरण करून गेला. त्यानंतरच्या आठवड्यात खाली रस्त्यावर अधिकाऱ्यांच्या गाड्या येऊन थांबल्या. आमच्याकडे गाड्या येतात त्या निवडणुकीत, आणि निवडणूक तर नव्हती. बायांना वाटलं, पाणी आलं. आईने अंगण सारवून घेतलं. मीही त्या दिवशी घरी होते. अधिकाऱ्यांनी मला शाळेतून मुद्दाम आणवलं होतं.

अधिकाऱ्यांतले मोठे साहेब ओट्याच्या कडेला, नाकाशी रुमाल धरून उभे राहिले. काकीच्या पाठीला जखमा झाल्या होत्या, त्यांचा वास यायचा.

“ताई, तुम्ही झाडावरून पडलात ना?”

“कुठल्या झाडावरून?” काकी म्हणाली.

“आंब्याच्या.”

“आंबा नाय आमच्याकडं.”

“मग मोहाच्या असेल.”

“इहिरीत पडले, साहेब. समदा पाडा सांगंल.”

साहेबांनी पाड्याकडे बघितलं. पाड्याने मान खाली घातली. ग्रामसेवकाने मोहाचं झाड लिहिलं आणि काकीचा अंगठा घेतला. जाताना त्यांनी चाकांची खुर्ची दिली, तिला तीत बसवून फोटो काढले. आमच्या पाड्यावर अंगणाबाहेर सपाट जागाच नाही. खुर्ची पहिल्याच उतारावर काकीसकट उलटली. त्यानंतर त्या खुर्चीवर कोंबड्या बसायला लागल्या.

मग विहिरीचं काम सुरू झालं. खांब रोवले, चारी बाजूंनी जाळीची तार ओढली, दाराला कुलूप घातलं आणि पाटी लावली, ‘धोकादायक विहीर. आत उतरल्यास कायदेशीर कारवाई होईल.’ पाण्याची टाकी पाड्यावर आधीपासून होती. घरोघर नळही होते. फक्त त्यांत पाणी यायचं राहिलं होतं. बाया आता दरीच्या तळाशी ओहोळात खड्डे खणून झिऱ्याचं पाणी आणायला लागल्या. जायला उतार, यायला भरल्या हंड्याचा चढ.

माझ्यावर सगळ्यांचा राग होता. शेजारची म्हातारी मला ऐकू येईल अशी म्हणाली, “सरकारनं नाय बुजवली इहीर. हिच्या तोंडानं बुजवली.” उन्हाळ्याच्या सुट्टीत आईने निरोप पाठवला की इतक्यात घरी येऊ नको, बाया हंडे घेऊन दारावरून जाताना थुंकतात. मी ती सुट्टी रिकाम्या वसतिगृहात काढली. मुख्याध्यापकांनी मला पुन्हा कुठल्याही स्पर्धेत घेतलं नाही. बक्षिसाची ढाल मात्र त्यांच्या खोलीत, टेबलामागे लावलेली होती.

भाषण तेवढं फार पुढे गेलं. पुढच्या दिवाळीत मी घरी होते तेव्हा शेजारच्या पोराने मोबाइल आणून दाखवला. तेच मंत्री दुसऱ्याच कुठल्या शहरात बोलत होते. शेजारी देशातली विहीर, दगडांच्या फटी, वाटीने भरलेला हंडा, सगळं माझंच, शब्दाला शब्द. शेवट त्यांनी बदलला होता. “आणि ती माउली तिथेच, त्या कोरड्या विहिरीत, ‘पाणी, पाणी’ करत गेली!” खाली बसलेल्या बाया डोळे पुसत होत्या.

काकीने ओट्यावरून विचारलं, “काय म्हनतो त्यो?”

आईने सांगून टाकलं, “तू मेलीस म्हनतो.”

“मेले?” काकी छताकडे बघत म्हणाली. “मग, लोकं रडली का?”

“रडली.”

“खरोखर पडले तवा कुनी नाय रडलं. सासूनं आधी हंडा बघितला, फुटला का म्हनून.” ती हसली. ते हसणं मला सहन झालं नाही, मी अंगणात निघून गेले. मागून तिचा आवाज आला, “परत लाव गं. नीट ऐकू दे मला.”

ती त्यानंतरच्या वैशाखात गेली. जखमा हाडापर्यंत गेल्या होत्या. मढ्याला अंघोळ घालायला पाणी हवं होतं आणि झिरेही आटत आले होते. आई आणि पाड्यावरच्या बाकीच्या बाया कोयते घेऊन विहिरीवर गेल्या. त्यांनी तार तोडली, आत उतरल्या आणि काकीपुरतं पाणी वर काढलं. ‘हिच्या तोंडानं बुजवली’ म्हणणारी म्हातारीही वर दोर धरून उभी होती. काकीला अंघोळ घातली, तिला नेलं आणि आम्ही राख सावडून येतो तोवर पोलीस आले. सरकारी मालमत्तेचं नुकसान केलं म्हणून बायांवर गुन्हा दाखल झाला.

आता मी नाशिकला कॉलेजात शिकते. खटला चालूच आहे. वकील म्हणतात, गुन्हा कबूल करा, थोडक्यात सुटाल. बाकीच्या बायांनी कबूल केला. आई करत नाही. “मी काय चोरी केली का?” एवढंच ती म्हणते आणि प्रत्येक तारखेला एकटी जीपने कोर्टात जाते. गेल्या तारखेला मी तिच्यासोबत होते. कोर्टाच्या आवारात थंड पाण्याचं मशीन आहे. आईने पाणी पिऊन झाल्यावर पिशवीतली बाटली काढली आणि नळाखाली धरली. बाकावरचा शिपाई म्हणाला, “ओ बाई, इथेच काय प्यायचं ते प्या. घरी न्यायचं नाही.” आईने बाटली उलटी करून पाणी मोरीत ओतलं आणि पुकारा व्हायची वाट बघत भिंतीला टेकून बसली. तिचं नाव पुकारलं गेलं नाही. संध्याकाळी पुढची तारीख मिळाली.