दिवाणखान्यातली मेंढरं

मी निघाले ती एका कापणी झालेल्या रानातून. आबांचा मुक्काम तेव्हा दौंडजवळ होता, मेंढरं खतासाठी शेतात बसवलेली. विमानतळावर यायला ते रिकामे नव्हते. मेंढरांना सुट्टी नसते. आईने घोड्यावरचं सामान आवळता आवळता माझ्या कपाळाला भंडारा लावला. आबा म्हणाले, "मागं बघत जाऊ नगं. मागं बघणारं मेंढरू चुकतं."

हे मी जरा जास्तच मनावर घेतलं. जर्मनीत एर्लांगेनला पीएच.डी., मग नोकरी, लग्न, लेक इरा. पत्ता नोंदवायच्या आनमेल्डुंगपासून मुलांच्या भत्त्याच्या किंडरगेल्डपर्यंतचे सगळे फॉर्म बिनचूक भरले. फक्त इथली आपली मंडळी "वडील काय करतात?" विचारायची, तेव्हा मी "शेती" म्हणायचे. "बागायत?" "हो ना." एकदा बाग लावली की पाणी घालावंच लागतं. पुढे तिला डाळिंबंही आली. नवऱ्याला खरं माहीत होतं. तो बिचारा गप्प बसायचा.

सप्टेंबरात इथल्या जुन्या बाजारात, फ्लोमार्क्टमध्ये, एक चित्र दिसलं. अमेरिकेतल्या नावाहो आदिवासी चित्रकाराचं, असं मागे लिहिलेलं. ना आकाश, ना सावली. नुसती माणसं आणि जनावरं. पुढे शेळी, मागे मेंढ्या, काठी घेतलेला माणूस, कडेला कुत्रं, आणि घेरदार झग्यातली बाई काखेत कोकरू घेऊन चाललेली. दुसरी उभ्या मागावर विणत बसलेली. आमच्यात बाया लोकर कातायच्या, घोंगडं विणायचे ते सणगर. एवढाच काय तो फरक. प्रत्येक मेंढीचं तोंड वेगळं होतं. ज्याने काढलं तो मेंढरांमागे चाललेला असणार. मी ते घेतलं आणि दिवाणखान्यात लावलं.

दिवाळीच्या फराळाला आलेल्यांनी त्याचं फार कौतुक केलं. "निसर्गाच्या किती जवळ असतात ना हे लोक!" मैत्रिणीच्या सासूबाई म्हणाल्या. मी हसून चकल्या पुढे केल्या. तेवढ्यात आबांना व्हिडिओ कॉलवर पाहिलेल्या इराने जर्मनमध्ये विचारलं, हे आबा आणि आजी आहेत का?

"नाइन!" मी इतक्या झटकन नाही म्हटलं की तिचा चेहरा उतरला. आपण काहीतरी वाईट बोललो, असं तिला वाटलं. माझी लाज मी सात वर्षांच्या पोरीच्या गळ्यात बांधत होते. मला स्वतःचा भयंकर राग आला.

"हे लोक दुसरे," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं मराठीत म्हटलं. "पण तुझे आबा हेच काम करतात. आपण धनगर. डाळिंबाची बाग नाही, कधीच नव्हती."

सासूबाईंची चकली हातातच राहिली. "अगं, मग बोलली नाहीस ती कधी?"

"चुकलं माझं, काकू. आता बोलणार."

दुसऱ्या दिवशी आबांना फोन करून सगळं सांगितलं. ते खो खो हसले. "डाळिंबं? मेंढरांनी ठिवली असती व्हय?" मग म्हणाले, "माझी लाज वाटली व्हय गं तुला?"

"वाटली, आबा."

त्यांनी एका चुकार मेंढराला हाळी दिली, मागे मेंढरांच्या घंटा वाजल्या. "बरं," ते म्हणाले. "पोरीला घिऊन ये."

ख्रिसमसच्या सुट्टीची तिकिटं काढली आहेत. आम्ही दोघी कळपासोबत चालणार आहोत. इरा मराठीत उत्तर देत नाही आणि मेंढरांना जर्मन कळत नाही. बघू कोण आधी हटतं ते. आणि घर कुठलं, असं आता कुणी विचारलं तर आधीसारखं पुण्याचं नाव पुढे करत नाही. थांबा म्हणते, आबांना फोन करते, आज मेंढरं कुठे बसलीत ते विचारून सांगते.