वहीचं मागचं पान

आमच्या गणिताच्या बाई मुलांच्या वह्या मागून उघडायच्या. आम्ही बाकीच्या शिक्षिका तारीख, समास, अक्षर बघायचो. बाई थेट शेवटचं पान गाठायच्या. तिथे काय असणार? फुली-गोळा, क्रिकेटची टीम, कुणाला तरी काढलेल्या मिशा. एकदा तर मिशा मलाच होत्या. मी भडकले, तर बाई चष्मा पुसून म्हणतात कशा, "तुझी पदर खोचायची तऱ्हा बघ कशी पकडलीय पोराने! याचा हात सोन्यासारखा आहे."

"पुढची पानं पोरं आपल्यासाठी लिहितात गं, मागचं स्वतःसाठी," असं त्यांचं म्हणणं. मी तोंडावर हो म्हणायचे आणि मनात म्हणायचे, निवृत्तीला आल्यात, यांना वेळच वेळ. मला मेलीला कुठे होता वेळ?

सहावीत माझ्या वर्गात राई गावची प्राची होती. खाडीत होडी घालणाऱ्या घरातली. गणितात कायम काठावर, तेही मेहेरबानीने. काही विचारलं की मान खाली. "मला न्हाय येत, बाई." तिचे वडील तिला शाळेतून काढून उत्तनला आत्याकडे मासळी सुकवायला पाठवायचं म्हणत होते. बाईंनी त्यांना येत्या शनिवारी भेटायला बोलावलं आणि मला म्हणाल्या, "तिचं मागचं पान बघितलंस? एकदा बघच." मी म्हटलं, "बघते."

बघितलं नाही. शुक्रवारी तपासणी होती आणि साहेब येणार म्हटलं की माझ्या अंगात यायचं. गुरुवारी मी वर्गाला फर्मान सोडलं: मागची घाणेरडी पानं फाडा, वह्यांना कव्हरं घाला. सगळ्यांनी टराटरा फाडली. प्राची मात्र वही छातीशी धरून बसली. "ऐकू येत नाही का गं?" म्हणत मीच वही ओढून घेतली आणि पान फाडलं. कचऱ्याचा डबा मावशी घेऊन गेल्या. साहेबांनी वह्यांचं कौतुक केलं.

शनिवारी बाईंनी तिच्या वडिलांसमोर वही मागून उघडली आणि थांबल्या. मग माझ्याकडे बघितलं. पान कुठलं असायला, कप्पाळ!

तरी बाईंनी समजावून सांगितलं. प्राचीने त्या पानावर महिनाभराच्या भरतीच्या वेळा मांडल्या होत्या. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. हा अपूर्णांकांचा गुणाकार वर्गात अर्ध्या मुलांना येत नाही.

वडील हसले. "भरती तं आमाला तोंडपाठ हाय, बाई. पन हिनं मांडलंय, ते कुठं हाय? दाखवा ना."

"प्राची, तूच सांग बाळा. चतुर्थीला भरती किती वाजता?"

प्राचीने वडिलांकडे नाही, माझ्याकडे बघितलं. मान खाली घातली. "मला न्हाय येत, बाई."

सोमवारपासून ती आली नाही. बाई दोनदा राईला जाऊन आल्या. मी एकदाही गेले नाही. कुठल्या तोंडाने जाणार होते? बाई मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाई आता या जगात नाहीत. मीही आता वह्या मागून उघडते, पण माझ्याकडे बघून खाली गेलेली ती मान काही वर होत नाही.

बाईंच्या निवृत्तीच्या दिवशी निरोपाची भाषणं संपल्यावर त्यांनी माझी टाचणवही मागितली. रोज काय शिकवायचं ते आम्ही त्यात लिहितो. सवयीप्रमाणे त्यांनी ती मागून उघडली. पान कोरं होतं. मग माझंच पेन घेऊन त्यांनी लिहिलं, "चतुर्थी. चारची पाऊणपट तीन. भरती तीन वाजता. प्राची, सहावी."

वही माझ्या हातात देत म्हणाल्या, "मला एवढंच आठवतंय गं. हे तरी फाडू नकोस."