शमाची मैफल आणि जयेशची हळद

या, पुढे या. उंबऱ्यात काय उभ्या राहिल्यात परक्यासारख्या? आणि कानातलं ते काढा आधी! मी इथे घसा फोडतेय नि तुमच्या कानात भलतंच कोणीतरी गातंय, हे मला चालायचं नाही. (मी स्वतः दिवसभर तेच करते. पण माझी गोष्ट वेगळी, मी कामाचं ऐकते.) हां, अशा बसा. तर सांगायचं ते एवढंच की आमच्या पोराची, जयेशची हळद गेल्या वैशाखात झाली. लग्न अजून व्हायचंय. मुलगीही बघायचीय.

हसू नका. क्रमाने सांगते.

किहीमच्या पलीकडे आमचा कोळीवाडा. माझी शाळा सातवीपर्यंत, धंदा सुक्या मासळीचा. बोंबील वलांडीवर टाकायचे, म्हणजे बांबूंवर ओळीने उन्हात लटकवायचे, हे दोन हातांचं काम. कान रिकामेच असतात. जयेशचं पनवेलला साऊंड भाड्याने द्यायचं दुकान. त्याने एकदा कानात घालायचं यंत्र आणून दिलं आणि फोनवर गाणी लावून दिली. सिनेमातली नाहीत हो! ज्या पोरांना कुठली कंपनी विचारत नाही, जी स्वतःच लिहितात, स्वतःच बसवतात, आईच्या कपाटात गाद्या कोंबून त्यात बसून रेकॉर्ड करतात, त्यांची. ऐकता ऐकता मला मतं झाली. मतं झाली की ती सांगावी लागतात. मी नवऱ्याला सांगायला लागले. दोन महिन्यांनी नवरा म्हणाला, "तू हे लिहून का नाय काढत गो? मला सुखानं जेवता तरी येईल."

असा हा माझा ब्लॉग सुरू झाला. नाव ‘वलांडी’. आठ वर्षं झाली. कर्जतपासून श्रीवर्धनपर्यंत कुठल्या पोराने नवीन गिटार घेतली की त्याच्या बापाच्या आधी मला कळतं. बोंबील आणि बँड, दोन्ही मला वासावरून कळतात. कुठला टिकणार, कुठला पावसाआधीच खराब होणार, ते मी एका ओळीत सांगते आणि सहसा चुकत नाही. (एकदा चुकले होते. तो मुलगा आता मोठा गायक झालाय आणि मला सणाला न चुकता शुभेच्छा पाठवतो. मुद्दाम पाठवतो.)

तर ‘मचूळ’ नावाचा बँड. आमच्या खारपट्टीच्या विहिरींचं पाणी असतं ना, ना गोड ना खारं, ते नाव. पोरं चार, सराव पनवेलला. गाणारी शमा, बोर्ली पंचतनची. तिचा आवाज असा बारीक, असा जपून ठेवलेला, की ऐकताना आपणच श्वास रोखून धरतो. मी तिच्यावर सात वेळा लिहिलं होतं. पण शमाच्या अम्मीने तिला एकच वर्ष दिलं होतं. वर्षात गाण्याचं काही खरं झालं तर ठीक, नाहीतर जूनपासून बी.एड. आणि गाणं बंद. वैशाख उजाडला तरी काही खरं झालं नव्हतं.

तेवढ्यात मुंबईच्या एका मॅडमचा मेल आला. हिवाळ्यात मोठा संगीत महोत्सव होतो, त्यासाठी नवे बँड निवडायचं काम त्यांचं. ‘तुमचं लिखाण वाचते. पण या बँडला मी लोकांसमोर गाताना ऐकल्याशिवाय घेणार नाही.’ मी लगेच उत्तर धाडलं. ‘लोकांची काळजी सोडा. आमच्या अंगणात या. गाव जमवते!’

बघा, लिहायला काय जातं!

गावाच्या ग्रुपवर मी छान निमंत्रण टाकलं. एकशेदहा जणांनी वाचलं, चौघांनी अंगठा दाखवला. एकाने त्याच्याखाली इंजिनाचं ऑईल कुठे स्वस्त मिळतं ते विचारलं आणि त्यावर मात्र सगळा गाव तावातावाने बोलायला लागला.

नवरा म्हणाला, "उद्या ऐकायला मी, तू नि आपल्या कोंबड्या."

"कोंबड्या तरी नीट ऐकतात," मी म्हटलं. पण मनात चरकले. शमाचं वर्ष माझ्या अंगणात संपणार की काय!

मग माझ्या ध्यानात आलं की चूक माझीच. आमच्याकडे फोनवरच्या बोलावण्याला कोणी बोलावणं मानत नाही. दारात जायचं, बाईला कुंकू लावायचं, हातावर अक्षता ठेवायच्या, मग माणूस येतो. मला तरी बोलवायची हीच एक रीत ठाऊक. काढला करंडा, नेसले नवी साडी आणि निघाले घरोघर!

पहिलं घर शेजारच्या हिराबायचं. तिने अक्षता बघितल्या नि डोळे एवढाले केले.

"अगो बाय! उद्याच?"

"उद्याच. संध्याकाळी पाचला. मांडव घातलाय अंगणात."

"नि वाजवणारे?"

"चौघं येतात पनवेलवरनं."

"नि जयेश?"

"तो नसला तर होईल का काही? दुकान बंद ठेवून येतोय."

"एवढ्या घाईत गो?"

"काय करू, मॅडमना उद्याचीच सवड आहे."

हिराबायने माझे दोन्ही हात धरले. तिच्या डोळ्यांत पाणी! मला वाटलं, अरे, एवढी ओढ होती हिला नव्या संगीताची आणि मी आठ वर्षं हिला कमी लेखलं! पुढच्या घरी तेच, त्याच्या पुढच्या घरी तेच. एकीने तर मला मिठी मारली, म्हणाली, "देवानं ऐकलं तुझं!" मी म्हटलं, "देवाचं कसलं, माझं लिखाण हाय ते!"

आता तुम्ही म्हणाल, अहो, वैशाख महिना, अंगणात नारळाच्या झापांचा मांडव, दारात अक्षता, पनवेलहून वाजवणारे आणि घरात चौतीस वर्षांचा बिनलग्नाचा मुलगा. तुम्हाला कळलं नाही? नाही कळलं! मी त्या वेळी समीक्षक होते, आई नव्हते. त्यात नवऱ्याने हाताच्या सवयीने मांडवाला आंब्याची डहाळी बांधून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी चारलाच अंगण भरलं. बायका सगळ्या एकसारख्या पिवळ्या साड्यांत! मी शमाला कोपराने डिवचलं, "बघितलंस? चाहते असे असतात. एका रंगात आलेत." शमा बिचारी भारावून गेली. कोणी पितळी कळशी आणली, कोणी मिक्सर, कोणी शर्टपीस. मी सगळं बँडच्या गिटारवाल्याच्या हातात दिलं. "घे रे, लोकं प्रेमानं देतात." तो शर्टपीस कवटाळून उभा.

जयेश मांडवाच्या कडेला त्याच्या साऊंडच्या पेटीपाशी वायरी जोडत बसला होता. पाच बायका त्याच्याकडे निघाल्या. पुढे हिराबाय, हातात वाटी.

"ऊठ रं, पाटावर बस."

"काकी, थांबा, माईक तपासतोय."

"माईक तपासतील दुसरे. आजच्या दिवशी नवऱ्यानं कामाला हात लावायचा न्हाय."

"कोण नवरा?"

"लाजतोय बघ!" म्हणत पाचही जणींनी त्याला उचलला. उचललाच हो! मासळीची टोपली उचलणारे हात ते, जयेश काय चीज आहे? पाटावर बसवला आणि बघता बघता कपाळापासून पायापर्यंत पिवळा केला. तो "आये! आये!" ओरडतोय. आणि मी? मी शमाला सांगतेय, "आमच्याकडे साऊंडवाल्याला फार मान असतो."

मग कोणीतरी म्हणालं, न्हाऊ घाला. आणि हिराबायच्या सुनेने उत्साहात अख्खी बादली त्याच्यावर ओतली. अर्धी त्याच्यावर. अर्धी मागच्या पेटीवर.

फट्! एक धुराची रेघ वर गेली. माईक गेला, स्पीकर गेले, सगळं गेलं. आणि नेमक्या त्याच क्षणी फाटकातून मॅडम आत आल्या. गॉगल, झोळी, वही.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. पिवळ्या साड्या, कळशी, शर्टपीस, पाट. माझ्या तोंडून एवढंच आलं, "अगो, ही हळद न्हाय!"

हिराबायने वाटी खाली ठेवली.

"मंग काय हाय?" हिराबाय.

"गाण्याचा कार्यक्रम."

"अक्षता देऊन?"

"तशी सवय आहे मला."

"नि मुलगी?"

"मुलगी नाही."

बायकांमधून जो आवाज उठला तो मी लिहू शकत नाही. पुरुष उठायला लागले. एकाने गिटारवाल्याच्या हातातला शर्टपीस परत मागितला. शमाने माझ्याकडे बघितलं. रडली नाही, भांडली नाही, फक्त म्हणाली, "मावशी, राहू द्या. जूनमध्ये जातेच आहे मी." आणि माईकची वायर गुंडाळायला लागली. मला एवढं वाईट वाटलं की काय सांगू. सात लेख लिहिले या पोरीवर आणि तिची एकुलती एक संधी मी बादलीभर पाण्यात बुडवली!

तेवढ्यात मांडवाच्या मधोमध कोणीतरी काठी आपटली. मथुराआजी, आमची धवलारीण. हळदीला नि लग्नाला गाण्यातून विधी लावणारी बाई ती, तिच्या शब्दापुढे भटजीही बोलत नाहीत. हिराबायने तिला परस्पर बोलावून आणलं होतं.

"बसा खाली!" आजी कडाडली. "मुलगी असो नायतर नसो. अंगाला हळद लागली ना? मंग नवरा पाटावरून उठेस्तोवर मांडवातून कोणी हलायचं न्हाय. रीत हाय ती."

सगळे बसले. पटापट! मॅडमसुद्धा बसल्या.

आणि मंडळी, तिथे माझी अक्कल जागी झाली. आठ वर्षं मी जे शोधत होते ते समोर होतं. दीडशे माणसं, उठायची बंदी! मी वाकून जयेशच्या कानात म्हटलं, "तू पाटावरून उठलास तर मी तुझी आई नाय."

"आये, खाजतंय!"

"खाजू दे. शमाचं वर्ष तुझ्या बुडाखाली हाय."

मथुराआजीने आधी तिचा धवला, म्हणजे हळदीचं गाणं म्हटलं, थोडकं. मग शमाकडे बोट केलं, "तू गा आता पोरी. मी बघते कोण बोलतो ते." आणि काठी उभी धरून बसली. शमा पुढे आली. माईक नाही, स्पीकर नाही, एक साधी गिटार आणि तो बारीक आवाज. मांडवात इतकी शांतता की झापांतून वारा गेलेला ऐकू यावा! पहिल्या गाण्याला लोक घाबरून गप्प होते. दुसऱ्याला कुतूहलाने. तिसरं गाणं आखातात गेलेल्या बापाच्या फोनवर होतं. त्या गाण्याला हिराबायने डोळ्याला पदर लावला, तिचा मोठा तिकडेच आहे. मग कोणाला गप्प करावं लागलं नाही. सात गाणी झाली. पाऊण तास! जयेशच्या अंगावरची हळद वाळून तडकली, एक माशी त्याच्या नाकावर तीन गाणी बसून होती, पण पोरगं हललं नाही. मॅडमची वही बंद मांडीवर पडून होती. सगळ्यांत शेवटी टाळ्या आणि मग जेवण, कारण जेवण मी दोनशे माणसांचं केलं होतं आणि आहेर कोणीच परत नेला नाही. हिराबाय जाताना म्हणाली, "ठेव मिक्सर. खरी हळद होईल तवा रिकाम्या हातानं येईन मी."

आठ दिवसांनी मॅडमचा फोन. "मचूळ नक्की. शमाला कळवा." मी हातातला बोंबील वलांडीवर उलटाच टाकला. "फक्त एक विनंती आहे," त्या म्हणाल्या, "तो पिवळा मुलगा बँडबरोबर हवा. काय ती स्थिर बसण्याची कला! सगळे श्रोते त्याच्याकडे बघून शांत होतात. फार धाडसी कल्पना आहे तुमची."

मी म्हटलं, "हो, बराच विचार करून ठेवली होती."

शमाच्या अम्मीने बी.एड.चा फॉर्म माळ्यावर टाकला. हिवाळ्यात हजारो लोकांसमोर शमा गायली आणि बाजूला आमचा जयेश हळद लावून पाटावर बसला. मी समोर वही घेऊन. त्याच दिवशी ब्लॉगवर परखड लिहिलं. शमा निर्दोष, ढोल जरा जास्त, पाटावरच्या कलाकाराने एकदा नाक खाजवलं, ते टाळता आलं असतं.

त्या लेखाखाली आयुष्यात आल्या नाहीत एवढ्या कॉमेंट आल्या. गाण्याबद्दल दोन. बाकी सगळ्या, पाटावरचा तो कोण? तीन मुलींनी तर सरळ विचारलं होतं, ‘त्याचं लग्न झालंय का?’ एकीने स्वतःचं शिक्षण, गाव, सगळं व्यवस्थित लिहिलं होतं. आता माझा नियम असा की समीक्षकाने ब्लॉगवर घरच्या माणसांची चर्चा होऊ द्यायची नाही. मी लगेच, मोठ्या ताठ मानेने, तिन्ही कॉमेंट पुसून टाकल्या.

नवऱ्याला हे जेवताना सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला. एवढंच म्हणाला, "पुसल्या?"

तेव्हा त्या तिघींपैकी कोणी हे वाचत असेल तर बायांनो, समीक्षक जरा बाहेर गेलीय, घरात फक्त जयेशची आई आहे. कोळीवाड्यात कोणालाही विचारा, आमचं घर दाखवतील. ताजी मासळी असते, मुलगा शांत बसतो हे तुम्ही पाहिलंच आहे. या हो लवकर!