विसूभाऊंची खरी सही आणायला मुरुडला

मधूने माझ्या वहीतली विसूभाऊंची सही भरल्या चहाच्या दुकानात खोटी ठरवली, तेव्हाच मी मुरुडला जायचं ठरवलं. विसूभाऊ म्हणजे त्या काळातले आमचे लाडके गोलंदाज, खेळ सोडून मुरुडला आपल्या घरी राहायला गेलेले. सामना संपल्यावर मी स्वतः त्यांच्यापुढे वही धरली होती आणि त्यांनी घाईघाईत सही ओढली होती. मधूने मात्र टपालाने सही मागवून फ्रेम केली होती. त्याची मोत्यासारखी वळणदार, माझी कोंबडीने उकरल्यासारखी. "कुणीतरी तुला टोपी घातली," तो म्हणाला आणि सगळे हसले. माझ्या डोळ्यांदेखत झालेली सही, आणि मीच खोटा!

हल्ली मांडव्याला गाडीसकट बोटीने उतरता येतं. तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवस आणि तिथून अलिबागमार्गे एस.टी.ने रेवदंडा. नवे पैसे नुकतेच आले होते. कंडक्टर भाडं नव्या पैशांत सांगायचा, लोक आण्यांत द्यायचे, त्यामुळे प्रत्येक तिकिटाला वेगळं भांडण.

रेवदंड्याची खाडी तरीतून ओलांडायची. पाणी उडेल म्हणून मी वही डोक्यावर धरून बसलो. शेजारची कोळीण म्हणाली, "कवरं जपतंस रं! जमिनीचं कागद हायेत काय?"

"नाही, क्रिकेटवाल्यांच्या सह्या."

"आनि त्याचं काय मिलतं?"

मी वही डोक्यावर आणखी घट्ट धरली.

पलीकडे साळावला मुरुडची एस.टी. मिळाली. जाताना उजवी खिडकी पकडा. काशीदपाशी समुद्र अगदी रस्त्याला येऊन भिडतो.

विसूभाऊ घराच्या ओटीवर सुपाऱ्या सोलत बसले होते. मी कशासाठी आलोय हे सांगायच्या आत पाट मांडले गेले. तांदळाची भाकरी, कोलंबीचं कालवण, सोलकढी. पैशांचा विषय काढायची सोयच नव्हती. हात धुऊन मी वही पुढे केली, तर त्यांचे थोरले भाऊ उठले. "थांबा, चष्मा आणतो."

"दादा, मला विसूभाऊंची सही हवी होती."

"त्याचीच करतोय न्हवं! घरातल्या समद्या सह्या मीच करतो. शेतसाऱ्याला मी, सोसायटीला मी, पोरांच्या प्रगतिपुस्तकावर मी. मग क्रिकेटला कोन दुसरा येनार हाय?"

आणि त्यांनी सावकाश, जीभ किंचित बाहेर काढून सही केली. मोत्यासारखी. मधूच्या भिंतीवरचीच! मी विसूभाऊंकडे पाहिलं. ते सुपारीकडे बघत म्हणाले, "दादांचं अक्षर बरं हाय माझ्यापेक्षा." थोरल्या भावासमोर स्वतःची सही करायची त्यांची छाती नव्हती.

मला पोचवायला ते स्टँडवर आले. एस.टी.च्या आडोशाला गेल्यावर त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "द्या ती वही." तीच ती कोंबडीने उकरलेली सही! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

"पन दादांचं कुठं बोलू नका," ते म्हणाले. "सांजेला दिवा लावून लोकांची पत्रं वाचत बसतात. मी खेळायचा थांबलो, त्यांचं क्रिकेट अजून चालू हाय."

मी शब्द दिला. देताना त्याची किंमत कळली नव्हती.

मुंबईत मधूने नवी सही भिंग लावून तपासली. "हीपण खोटी. दोन्ही एकाच माणसाने केल्यात, हे नक्की. आणि त्याला विसूभाऊंची सही येत नाही, हेही नक्की."

दुकान पुन्हा हसलं. एका वाक्यात त्याची फ्रेम खाली उतरवता आली असती. जीभ शिवशिवत होती, रागाने कान तापले होते.

"रडू नकोस," मधू म्हणाला. दादांनी वहीत केलेली सही मी त्याला दाखवलीच नव्हती. "मी टपालाने तुला खरी मागवून देतो."

"मागव," मी म्हणालो. "पण पत्र जरा लांबलचक लिही."

सह्या जमवणाऱ्यांना मी अजूनही सांगतो, सही समोर उभं राहून घ्यावी, टपालावर विश्वास ठेवू नये. आता दादा नाहीत, विसूभाऊ नाहीत, मधूही नाही, म्हणून हे लिहिलं. टपालाने आलेली ती सही अजून माझ्याकडे आहे. कुणी वही बघायला मागितली, की मी आधी तीच दाखवतो.