बाजूची चटई

उज्वलाची पाळी बंद होऊन वर्ष झालं, तशी कुसाबाईंनी सुनेला देवघर सोपवलं. "सुटलीस बाई," त्या म्हणाल्या. "आता विटाळ नाय की अडचण नाय."

मखमलाबादच्या त्या घरात चार दिवस अजून पाळत. मागच्या खोलीत चटई, वेगळं ताट, वेगळा तांब्या. लेक चैताली त्यावरून भांडायची आणि उज्वला ओशाळायची. पण लग्न झाल्यापासून तिच्या हातात आयती भाकरी पडली ती त्याच चटईवर. हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

पाळी मागंपुढं होऊ लागली तेव्हापासूनच तिचं बिनसलं होतं. अंगातून वाफा निघत, झोप उडाली होती, भाजी निवडताना उगाच डोळे भरत. नवरा सोमनाथ आधी थट्टा करायचा, मग वैतागला. काय कमी आहे तुला, असं विचारू लागला. काहीच कमी नव्हतं, म्हणून तर ती जास्त घाबरायची. सकाळी जाग आली की वाटे, आजचा दिवस उगवलाच नसता तर बरं.

नवरात्रात घट, माळ, नैवेद्य सगळं तिच्याच गळ्यात पडलं. पाचव्या माळेला घरात पाहुणे जमले असताना ती उठली आणि मागच्या खोलीत चटई अंथरून भिंतीकडे तोंड करून पडली.

नणंद शुभांगी हादरलीच. सकाळी हिनंच घटाला पाणी घातलंय, आता देवीचं काय, म्हणून तिने घर डोक्यावर घेतलं.

कुसाबाई दाराशी आल्या. "आली नाय ना तुला?"

उज्वलाने मान हलवली.

"मग खोटं का बसलीस?"

"आत्याबाई, मला उठवत नाही. मला जगावंसंच वाटत नाही हो."

कुसाबाई उंबऱ्यावर थबकल्या. बाजूला बसलेल्या बाईच्या चटईला त्यांनी जन्मात पाय लावला नव्हता. त्या आत आल्या, चटईवर टेकल्या आणि सुनेच्या पाठीवर हात ठेवला.

"मला बी झालं व्हतं असं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, माझंच डोकं फिरलं."

मग बाहेर जाऊन त्यांनी सांगितलं, घटाला काही झालेलं नाही, सून आजारी आहे. सोमनाथने उद्या तिला बायकांच्या डॉक्टरकडे न्यायचं. शुभांगीला त्यांनी नैवेद्याला बसवलं आणि स्वतः ताट वाढून आणलं.

उज्वलाने घास घेतला. तो तोंडात फिरत राहिला, गिळवेना. उद्याचा दिवस फार लांब वाटत होता. कुसाबाई तिथेच बसून राहिल्या.