डांबराचा घोट

सकाळपासून आमच्या दारासमोर रस्त्यावर डांबर घालताहेत. त्या वासानं आयर्लंडमधल्या नावन गावातली जुनी पार्टी आठवली.

नवऱ्याच्या आयरिश बॉसनं नेब्बिओलो नावाची रेड वाइन ओतली. म्हणाला, "इटलीतलं फार जुनं द्राक्ष. डोंगरात धुकं उतरायला लागलं की पिकतं. डांबर आणि गुलाबाचा वास येतोय ना?"

मी घोट घेतला. शी! कच्ची सुपारी चावल्यासारखी जीभ आखडली. नवरा मात्र डोळे मिटून म्हणाला, "अहाहा, डांबर!" नागपुरात रस्त्याचं काम दिसलं की हाच नाकाला रुमाल लावायचा. तरी तेव्हा वाटलं, मलाच चव कळत नाही.

आत्ता तो आतून ओरडला, "खिडकी लाव आधी! डोकं उठलंय त्या वासानं."

मी दुसरीही उघडली.